सतरा माणसं आणि नागद्वार

श्रावणाची चाहूल लागली की वरूड, मोर्शी, नरखेड, काटोलकडच्या गावांत नागद्वारच्या गाड्या ठरू लागतात. पचमढीजवळच्या या नागदेवाच्या ठिकाणाची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवसच यात्रेसाठी उघडते. एरवी माझं पोट संत्र्याच्या बागेवर. या दिवसांत मात्र एक गाडी भरून माणसं नेतो आणि सुखरूप परत आणतो. काल पांढुर्णा, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत पचमढीला उतरलो. आजचा दिवस पायांचा.

पहाटे ३.००

उठवण्याचं काम पुतण्याकडे. मी बॅटरी घेऊन सगळ्यांचे पाय बघत फिरतो. नवख्यांना हसू येतं, पण उतारावर बोटं जोड्याच्या टोकावर आदळतात आणि वाढलेलं नख संध्याकाळपर्यंत काळंनिळं होतं. म्हणून नेलकटर सगळ्यांत फिरतं. एकानं कोरा करकरीत जोडा आणलाय.

"काहून बाप्पा, लग्नाला चालला का?"

तो जोडा गाडीत राहतो, जुने कॅनव्हासचे बाहेर निघतात. प्रत्येकाच्या पिशवीत गूळ-शेंगदाणे, पाण्याची बाटली, अंगावर घ्यायला मेनकापड आणि हातात काठी. रिकामी बाटली परत आणून मला दाखवायची, ही माझ्या गाडीची अट. गेल्या खेपेला काहींनी कुरकुर केली होती. त्यांना दुसऱ्या गाड्या मोकळ्या आहेत.

पहाटे ४.३०

धूपगडच्या रस्त्यानं जलगलीकडे जाणाऱ्या जिपांची रांग आतापासूनच लांबलीय. थांबलोच आहोत तर गणती करून घेतो. प्रत्येकाला आकडा दिलेला असतो, आपापला आकडा ओरडायचा. नऊ नंबरच्या काकू दरवेळी आठ आणि दहानं हाक मारल्यावरच बोलतात.

चालायचा क्रमही इथंच लागतो. पुढं मी. माझ्या पाठोपाठ सगळ्यांत सावकाश चालणारा माणूस, म्हणजे आज शेंदुरजना घाटचे सत्तरीतले आजोबा. तरणी पोरं मध्ये आणि शेवटी पुतण्या. पोरांना हे पटत नाही.

"आमी पुढं जाऊन थांबतो ना जी."

पोरं पुढं पळून थांबली की म्हातारा पोचेपर्यंत त्यांची दमछाक संपलेली असते. तो पोचला की ती निघतात, आणि ज्याला विसाव्याची खरी गरज त्यालाच तो मिळत नाही. म्हणून सगळा जथा आजोबांच्या चालीनं जाईल.

सकाळी ५.४५

फटफटतंय. धुकं असं की चौथ्या माणसाची पाठ दिसत नाही. खाली चिखल, शेवाळलेले दगड, मध्येच पाण्याचा ओहळ. समोरून रात्रीच निघालेले लोक परत येतायत. "हर बोला महादेव!" त्यांनी म्हटलं की आपणही म्हणायचं. या वाटेवर सगळ्यांना एकच नाव, भगत. "चला भगत, थोडंच रायलं." हे थोडं किती, ते कुणी कुणाला विचारायचं नसतं. आजोबा मात्र विचारतात. मी अंतर न सांगता पुढचा चहा कुठं मिळेल ते सांगतो.

सकाळी ७.३०

काजळीला पहिला विसावा. एका बाईनं मूल व्हावं म्हणून नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालायचा नवस केला, मूल झालं, आणि नवस फेडायला आली तेव्हा नागदेवाचं प्रचंड रूप पाहून ती हबकली, अशी इथली कथा. काकू ती दरवर्षी सांगतात आणि बाईच्या घाबरण्याला दरवर्षी थोडं तिखटमीठ लागतं.

सेवा मंडळांच्या मेनकापडाच्या छपरांखाली पोहे आणि चहा चाललाय. नागपूर आणि विदर्भातली मंडळं शिधा, गॅसच्या टाक्या, भांडी डोक्याखांद्यावरून इथवर आणतात, येणाऱ्याला वाढतात आणि यात्रा संपली की सगळं उतरवून नेतात. कुणाकडून पैसा घेत नाहीत. मी गाडीभाड्याचा हिशेब करणारा माणूस. इथं पोह्याची पत्रावळ घेताना दरवेळी थोडा ओशाळतो.

सकाळी ९.३०

कड्याला लावलेल्या लोखंडी शिडीपाशी रांग अडलीय. एका वेळी थोडीच माणसं चढवतात. गप्पांना हीच वेळ.

तेरा नंबर म्हणजे आमच्या गल्लीतली पोरगी, पुण्यात नोकरीला. मागच्या वर्षी ती स्पेनमधल्या कामिनोवर चालून आली. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत याकोबाची समाधी सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा, आणि तिकडं जाणाऱ्या वाटांवर मध्ययुगापासून ख्रिस्ती यात्रेकरू चालतात. २०२४ मध्ये तिथल्या यात्रेकरू कार्यालयात जवळजवळ पाच लाख लोकांची नोंद झाली. हिनं सारिया गावापासूनचा शेवटचा टप्पा केला, शंभर किलोमीटरहून थोडा जास्त. सगळं कंपनीमार्फत: बॅग गाडीनं पुढच्या मुक्कामी, खोली आधीच ठरलेली, सोबत वाटाड्या.

"रस्ता चुकायचा प्रश्नच नाही काका. जागोजागी पिवळे बाण." ते बाण रंगवायला ओ सेब्रेइरो गावच्या एलियास वालिन्या या पाद्र्यानं १९८४ मध्ये सुरुवात केली, हेही तिनंच सांगितलं. प्रत्येकाकडे एक पुस्तिका असते. शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये रोज दोन शिक्के घेतले तरच शेवटी प्रमाणपत्र मिळतं. शिक्के चर्चमध्येही मिळतात आणि चहाच्या टपरीसारख्या बारमध्येही.

"मग वाटाड्या काय करतो?"

"पायाचे फोड बघतो, कोण मागे राहिलं ते बघतो."

म्हणजे आमच्याच धंद्यातला.

तिच्या डोक्यात एक कल्पना आहे. पुण्याचे लोक डिसेंबरात आणू, चांगलं हॉटेल, मोजकं चालणं, बाण रंगवू. मी सांगतो, डिसेंबरात ही वाट बंद असते, तेव्हा इथं वाघ-अस्वलांचं राज्य. ती म्हणते, परवानगी काढता येईल. समजा निघाली. त्या वाटेवर मंडळं नसतील, पोहे नसतील, समोरून हर बोला म्हणणारं कुणी नसेल. गोव्यात ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी, म्हणजे चर्चच्या उत्सवासाठी, लोक जुन्या गोव्यापर्यंत पायी जातात. तोच रस्ता जूनमध्ये चालला तर चालणं होईल, फेस्त कुठून होणार? कामिनोला बारा महिने पुरतील एवढी माणसं आणि गावं वाटेवर आहेत. आमच्या वाटेवर गाव म्हणजे ही दहा दिवसांची छपरं.

शिक्क्याची पुस्तिका मात्र मला आवडली. काकूंनी ती नवऱ्याला दाखवायलाच जपून ठेवली असती.

दुपारी १२.००

पद्मशेष, दर्शनाची गुहा. तोंड अरुंद, आत ओल, कपाळाला दगड लागेल म्हणून वाकून जायचं. मी आत जात नाही. बाहेर सतरा पिशव्या आणि सतरा काठ्या सांभाळतो. एकेक जण नारळ वाहून बाहेर येतो आणि बोलत नाही, फक्त आपली काठी शोधतो. आजोबा पायरीवर टेकतात. "आता मेलो तरी चालते."

"खाली चला मग बोला. गाडीचं भाडं परतीचंही घेतलं हाये."

दुपारी १.३०

मंडळाच्या पंगतीत पुरी-भाजी. पाऊस मेनकापडावर ताशासारखा वाजतोय. मोबाईलला रेंज नाही, म्हणून बागायतदार अस्वस्थ. आंबिया बहाराची फळगळ याच दिवसांत असते आणि गड्यानं फवारणी केली का हे कळायला मार्ग नाही. दोघे जण कडधान्याच्या उसळीसारखे तासभर त्याच विषयात शिजत राहतात. मी त्यांना पिशव्या उचलायला लावतो.

दुपारी ३.००

लोकांना चढाची भीती असते. माझी काळजी उताराची. पोट भरलेलं, दर्शन झालेलं, पाय सैल पडतात आणि नजर घराकडे लागते. पावलं लहान टाका, काठी आधी टेका, हे दर वळणावर सांगावं लागतं.

अकरा नंबरच्या पोटरीत गोळा आला. आजोबांच्या मागं चालायला सकाळी सगळ्यांत जास्त कुरकुरणारा हाच. बसवलं, गुडघा सरळ, पायाचा पंजा हळूच त्याच्या अंगाकडे ओढून धरला, क्षारसंजीवनीचं पाणी पाजलं. पाव तासानं उठला. पुढचा उतार तो आजोबांच्या मागोमाग उतरला, मुकाट्यानं.

संध्याकाळी ६.००

जलगली. गणती: एक ते सतरा, काकूंसाठी नेहमीचा खोळंबा धरून. रिकाम्या बाटल्या चौदा. तीन जण वरमून उभे. त्यांना वाटेवर पडलेल्या तीन शोधून आणायला लावल्या. शोधायला लांब जावं लागलं नाही.

रात्री ८.००

वरूडहून आणलेल्या गोवऱ्यांवर रोडगे भाजले जातायत, सोबत वांग्याची भाजी. तोवर माझा दवाखाना. फोड फोडायचा नाही. पाय साबणानं धुवायचा, कोरडा करायचा, मऊ पट्टी लावायची. सुई-दोरा घेऊन बसलेल्या काकूंना हे अजून मान्य नाही.

रात्री ९.३०

हिशेब. डिझेल, जिपा, मुक्काम, शिधा, चालकाचा भत्ता. सतरांत भागून उरलेले पैसे सगळ्यांसमोर परत. एवढ्यात मोर्शीहून फोन: पुढच्या वर्षी तीस जण आहेत, दोन गाड्या करा, तुमचेही दोन पैसे सुटतील.

पैसे सुटतील हे खरं. पण तिसाच्या रांगेत पुढच्याची हाक मागच्याला ऐकू जात नाही आणि आजोबांची चाल कुणाला दिसत नाही. म्हटलं, "एकच गाडी, सतराच माणसं. उरलेल्यांसाठी माझ्या पुतण्याशी बोला. दोन वर्षं शेवटी चालला, आता त्याला पुढं चालू द्या."