बागेखाली काय होतं?

मुंबईच्या मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये हिरवळ आहे, फुलांचे वाफे आहेत, प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं आहेत. पण त्या हिरवळीच्या मधोमध वड लावून चालणार नाही. ही बाग शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर केली गेली. वर माती बेताची, खाली पाण्याची टाकी. मुळं खोल गेली, तर छतालाच तडे जातील.

फोर्टलगतची आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदानं मोकळी राहिली ती तोफांमुळे. किल्ल्यावरून मारा करताना आड काही येऊ नये, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने तटाबाहेरची घरं आणि माड हटवले होते. १८६०च्या दशकात तट पाडला गेला, पटांगण उरलं. आज तिथे क्रिकेट चालतं.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवून जातं ते धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीकाठच्या या सुमारे ३७ एकरांवर पूर्वी मुंबईचा कचरा पडत असे. १९९४ मध्ये तिथे उद्यान खुलं झालं.

डम्पिंग ग्राउंडवर नुसतं रोप लावून भागत नाही. दाबल्या गेलेल्या कचऱ्यात हवा नसते. हवेवाचून जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि मिथेन तयार होतो. हा वायू वर येताना मातीच्या फटींतला ऑक्सिजन हुसकावतो. मुळं गुदमरतात, मग कितीही पाणी घाला, रोप सुकतंच. शिवाय कुजणारा कचरा खचतो, कुठे कमी, कुठे जास्त, आणि वाढलेलं झाड कलतं.

म्हणून आधी वर चांगल्या मातीचा जाड थर द्यावा लागतो. मग काटक झाडं लावायची, त्यांत शिरीष, करंज अशी शेंगा धरणारी हवीतच. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. पानं गळली की तो मातीत उतरतो. इथे पाचोळा झाडून जाळणं ही सगळ्यात मोठी चूक. तोच कुजून, गांडुळांनी खालीवर करून, बोटभर काळी माती व्हायला कित्येक वर्षं लागतात. ती झाली की नाजूक झाडं तग धरतात आणि त्यांच्यामागोमाग फुलपाखरं, पक्षी येतात. कचऱ्याच्या ढिगावर सावली धरली ती अशी, टप्प्याटप्प्याने.

येत्या पावसाळ्यात तुमच्या सोसायटीने किंवा मंडळाने वृक्षारोपण ठरवलं असेल, तर रोपं आणण्याआधी एखाद्या जुन्या रहिवाशाला गाठा. इथे आधी काय होतं ते विचारा: तळं, तबेला, गिरणी की भराव? मग हातभर खड्डा खणून पाहा. विटांचे तुकडे आणि प्लॅस्टिक निघालं, तर खड्डा मोठा करा, ते सगळं काढा, चांगली माती भरा. कोणतं झाड लावायचं ते त्यानंतर ठरवा.