चिखलाला घाई चालत नाही

पुस्तकी मराठीत गाडी चिखलात रुतते. नागपूरकडे ती फसते. आषाढात रामटेक तालुक्यातल्या एखाद्या पांदणीच्या तोंडाशी उभे राहिलात, तर 'गाडी फसली' हे शब्द कानावर पडतीलच. मला हा शब्द रुतण्यापेक्षा जास्त खरा वाटतो. वरून वाळलेली, साय धरल्यासारखी दिसणारी वाट. क्लीनर खाली उतरतो, चार पावले चालून बघतो, पाय घोट्याइतकाही जात नाही. तो हात हलवून 'येऊ द्या' म्हणतो, आणि ट्रकची मागची चाके बघता बघता ॲक्सलपर्यंत खाली जातात. जमिनीने चक्क फसवलेले असते.

ही फसवणूक होते कशी? ट्रक जड, माणूस हलका, हे उत्तर अर्धेच आहे. कारण हीच वाट वैशाखात याच ट्रकला, याच मालासकट, अंगावर ओरखडासुद्धा न उमटू देता पेलत होती. माती तीच, ट्रक तोच. मधे फक्त पाणी आले. मग पाण्याने नेमके काय केले?

आधी थोडा हिशेब करू. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा असतो तेव्हा त्याचे वजन साधारण १५० चौरस सेंटिमीटरच्या तळव्यावर येते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४०० ग्रॅम. भरलेला दहाचाकी ट्रक सुमारे २८ टनांचा. त्याच्या टायरमधली हवा दर चौरस सेंटिमीटरला सात किलोच्या आसपास दाबाची असते, आणि टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो. हा माणसाच्या सतरापट झाला. ओली, मऊ चिकणमाती दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो सहन करते. क्लीनर वाचला तो काठावर. त्याच्या पायाने ट्रकची परीक्षा घेणे म्हणजे कप बुडवून विहिरीची खोली मोजण्यासारखे.

आता त्या मातीकडे जरा जवळून बघू. नागपूर शहर भूगर्भाच्या एका सीमेवर वसले आहे. पश्चिमेला ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याच्याहून कितीतरी जुने खडक. रामटेकचा गड या जुन्या कुळातला. मनसरच्या खाणींतले मॅंगनीजही त्याच कुळातले. पण गडाखालच्या मैदानात अनेक ठिकाणी गाळाची काळी माती पसरली आहे. या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनीची प्रतवारी केव्हाच लावून ठेवली होती: काळी, मोरंड, खरडी, बरडी. इंग्रजी अमदानीतल्या जमाबंदी अधिकाऱ्यांनी सारा ठरवताना हीच नावे जशीच्या तशी उचलली. ट्रकवाल्याच्या दृष्टीने ही यादी उलटी वाचायची. बरडी म्हणजे खडकाळ, हलकी. पिकाला कंजूष, चाकाला उदार. काळी म्हणजे पिकाची माय आणि चाकाची सावत्र आई.

काळीचा स्वभाव ठरतो तो तिच्यातल्या एका खनिजामुळे. मोंटमोरिलोनाइट हे त्याचे नाव, फ्रान्समधल्या मोंटमोरियों या गावावरून पडलेले. वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले थर, आणि प्रत्येक पान सुमारे एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाणी या पानांच्या मधे शिरते आणि पाने एकमेकींपासून दूर सारते. म्हणून माती फुगते. हे खनिज फक्त दहा ग्रॅम घेतले आणि त्याची सगळी पाने सुटी करून अंथरली, तर त्यांचे क्षेत्रफळ सात-आठ हजार चौरस मीटर भरेल. दोन चमचे मातीत एक फुटबॉलचे मैदान! एवढ्या पृष्ठभागावर पाणी चिकटून बसले, तर ते सोडवायला वेळ लागणारच. उन्हाळ्यात तेच पाणी उडून जाते, माती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पावसात सगळे पुन्हा फुगते. अशी ही जमीन स्वतःच स्वतःला वर-खाली करत राहते. शास्त्रज्ञ तिला व्हर्टिसॉल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उलटणे. तिचा अभ्यास करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था नागपुरातच आहे.

खरी गंमत मात्र पुढेच आहे. कार्ल टर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२५ साली मातीच्या यांत्रिकीवर एक ग्रंथ लिहिला आणि मातीकडे बघण्याची नजरच बदलली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. मातीचे बळ तिच्या कणांच्या एकमेकांवर घासण्यात आहे. ओल्या मातीवर वजन ठेवले की ते दोघांत वाटले जाते, थोडे कणांवर आणि थोडे कणांमधल्या पाण्यावर. कणांवर आलेले वजन त्यांना एकमेकांवर घट्ट दाबते आणि मातीचे बळ वाढवते. पाण्यावर आलेले वजन बळात कणाचीही भर घालत नाही, कारण पाणी पाण्यावर घासत नाही, नुसते घसरते. पाण्याला निसटायला वाट मिळाली, तर हळूहळू सगळे वजन कणांवर येते आणि माती पक्की होते.

म्हणजे प्रश्न येऊन ठेपला वेळेवर. वाळूतून एक मिनिटात पार होणाऱ्या पाण्याला चिकणमातीतून तेवढेच अंतर कापायला वर्षभर लागू शकते. ट्रकचे चाक त्या जागेवर असते सेकंदाचा काही भाग. पाण्याला सरकायला सवडच नाही, म्हणून ट्रकचे सगळे ओझे पाण्याच्या डोक्यावर. त्या क्षणापुरता ट्रक जमिनीवर नसतो, तो दाट पाण्यावर असतो. म्हणूनच याच मातीवर इमारत वर्षानुवर्षे हळूहळू खचत बसते आणि ट्रक दोन सेकंदांत खाली जातो. चिखल दुबळा खरा, पण तो घाईपुढे दुबळा. त्याला वेळ द्या, तो सावरतो.

रामटेकच्या भागात याला आणखी एक पदर आहे, धानाचा. इथे चिखल आपोआप होत नाही, तो मन लावून केला जातो. रोवणीआधी बांधीत पाणी साठवायचे आणि चिखलणी करायची. पूर्वी बैल आणि हेले (रेडे), आता ट्रॅक्टरला लावलेली लोखंडी जाळीची चाके. चिखलणीने मातीची ढेकळे, छिद्रे, पाणी झिरपायच्या सगळ्या वाटा मोडून टाकतात. हेतू एकच, पाणी खाली जाऊ नये. वर्षानुवर्षांच्या या चिखलणीने चिखलाच्या खाली वीतभर अंतरावर एक टणक थर तयार होतो. हेल्याचे खूर त्यावर टेकतात, हलका ट्रॅक्टर त्यावर तोल सावरून चालतो. भरलेला ट्रक मात्र तो थर पापडासारखा मोडतो. पाणी धरून ठेवायला पिढ्यांनी घडवलेली जमीन ट्रकलाही तशीच धरून ठेवते, यात तिचा काय दोष?

हेल्याचा खूर तर निरखून बघावा असा. तो दुभंगलेला असतो. पाय टेकला की दोन्ही भाग फाकतात, वजन पसरते. पाय उचलला की ते मिटतात, कडेने फट पडते आणि हवा आत शिरते. टायरला ही कला नाही.

चाक थोडे खाली गेले की ड्रायव्हर साहजिकच ॲक्सिलरेटर दाबतो. तिथून घोळ वाढतो. टायरच्या नक्षीत चिखल भरून ती गुळगुळीत होते. फिरणारे चाक माती घुसळते, आणि या मातीची खोड अशी की स्थिर असताना ती दह्यासारखी विरजलेली असते, घुसळली की ताक होते. त्यात भर डिफरन्शियलची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी चाकांची जुळणी. ती दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देते. एक बाजू चिखलात अडखळल्याशिवाय गरगरत असेल तर तिला लागणारा पीळ नगण्य, म्हणून पक्क्या जमिनीवरच्या बाजूलाही नगण्यच मिळतो. एक चाक भिंगरी, दुसरे समाधिस्थ. शेवटी गाडी पोटावर बसते. आता चाकांवर वजनच नाही, मग पकड कुठली?

मग दोर लावून ओढायला घेतात, तेव्हा कळते की चिखल नुसता अडवत नाही, खाली ओढतोही. चाक वर उचलू लागलो की त्याच्याखाली पोकळी तयार व्हायला बघते. ती भरायला पाणी हवे, पण ते तर मुंगीच्या पावलाने चालणार. हवेला आत यायला वाट नाही. मग आपल्या डोक्यावरचे वातावरण, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो या दराने, चाकाला वरून दाबून धरते. २००५ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी दलदलीच्या वाळूवर प्रयोग करून 'नेचर'मध्ये लिहिले की अडकलेला पाय सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने उपसायचा तर एखादी मध्यम मोटार उचलण्याएवढे बळ लागेल. त्यांनी सुचवलेला उपाय? पाय हळूहळू हलवत राहा, म्हणजे आजूबाजूला पाणी शिरेल आणि वाळू सैल होईल.

गावातले जाणते लोक फसलेल्या गाडीशी जे काही करतात, ते या कसोटीवर लावून बघा. फावड्याने चाकापुढचा चिखल काढून उतार करतात, कडेने चर खणतात: पाण्याला आणि हवेला वाट. जॅक लावायचा तो आधी जाड फळी टाकून, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. चाकाखाली मुरूम, गिट्टी, तणस, पऱ्हाट्या, तुराट्या, पळसाच्या फांद्या, हाताला लागेल ते सरकवतात: वजनाला पसरायला जागा. टायरमधली हवा कमी करणे हेही तेच; टायर फताडा होतो, सात किलोचा दाब निम्म्यावर येतो. मग पहिल्या गिअरमध्ये, कमी रेसवर, मागे-पुढे झुलवत गाडी काढायची. पाण्याला वाट, हवेला वाट, वजनाला जागा. जेसीबी आले तरी त्याचा चालक आधी चिखल उपसतो, ओढतो नंतर.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेततात. ताणलेला तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो; त्याच्या रेषेत कुणी उभे राहू नये. दुसरी, ट्रॅक्टरची. मागची चाके चिखलात जखडली आणि इंजिनाने जोर केला, तर चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच आपल्या आसाभोवती फिरतो. पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलटायला दीड सेकंदही पुरतो. उडी मारायचा विचार मनात येण्याआधी सगळे संपलेले असते.

या शास्त्राला पुढे फार लांबचे पाय फुटले. मऊ जमिनीवर चाक कसे चालते याचे गणित मांडणारे पोलंडचे मिएचिस्लाव बेकर यांचा ग्रंथ १९५६चा. १९७१ साली अपोलो १५च्या मोहिमेत चंद्राच्या धुळीवर गाडी धावली, तिच्यामागे बेकर यांचे काम होते. तिची चाके पोलादी तारांच्या जाळीची, दबली की पसरणारी. नासाची मंगळावरची 'स्पिरिट' गाडी मात्र २००९ साली मऊ मातीत फसली. सहा चाकांतले एक आधीच निकामी. पृथ्वीवर तशीच माती कालवून, तसलीच गाडी तीत फसवून इंजिनिअरांनी महिनोन् महिने युक्त्या करून पाहिल्या. गाडी निघाली नाही. तिथे तुराट्या टाकायला कोण जाणार?

फसूच नये यावरही उपाय आहेत आणि तेही पाण्याभोवतीच फिरतात. काळ्या मातीत चुना मिसळला की चुन्यातले कॅल्शियम त्या वहीच्या पानांना बांधून ठेवते आणि फुगणे ओसरते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात दाखवले की काळीवर सुमारे मीटरभर न फुगणारी, पण चिकटपणा असलेली माती अंथरली तर खालची काळी शांत राहते. कालव्यांना ही युक्ती फार उपयोगी पडली. २०२१ साली राज्य सरकारने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना आणली, तिच्यातही सगळा भर खडी-मुरूम आणि कडेच्या नाल्यांवर. रस्ता टिकतो तो त्याच्या नालीमुळे, असे बांधकामावरचे लोक सांगतात, ते याचसाठी.

तोवर आषाढ दरवर्षी येणार आणि गाड्या फसणार. तेव्हा सगळ्यांत जुना उपाय कामाला येतो: माल उतरवा. पोती खाली येतात, ट्रक बोटभर वर येतो आणि मग निघतो. वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे मांडले. त्या काव्यातला यक्ष पाण्याने ओथंबलेल्या ढगाला वाट समजावून सांगताना काय म्हणतो? नुकत्याच नांगरलेल्या, सुवास सुटलेल्या शेतांवरून जा, पाणी सांडून हलका हो, आणि मग भरभर पुढे चाल. ढगाने ते ऐकले. त्याने आपला माल रामटेकच्या शेतांवर उतरवला आणि निघून गेला; फसली ती मागून येणारी गाडी.