जखमेवरची चांदी

सायखेड्याला गोदावरीचा पूर नवा नाही. पुराच्या गढूळ पाण्यात पायाची साधी जखमही चिघळते. भाजलेला माणूस तर पुष्कळदा भाजण्यातून वाचतो, पण नंतर होणाऱ्या जंतुसंसर्गाने दगावतो. त्यात आता अनेक जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष चांदीकडे पुन्हा वळले. या विषयाची थोडी ओळख आम्ही सभासदांना व विद्यार्थी मित्रांना करून देत आहोत.

सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती बुळबुळीत थर फुगतो. त्यात बहुतेक पाणीच असते, पण ते वाहून जात नाही. बारीक धाग्यांच्या जाळ्यात अडकून राहते. यालाच हायड्रोजेल म्हणतात. डाळीतील प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी काहींच्या रेणूंत थोडा बदल केला की ते पाण्यात आपणहून एकमेकांना धरून असेच जाळे विणतात. या जाळ्यात चांदीचे किंवा सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसविता येतात.

सूक्ष्म म्हणजे किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एक सेंटिमीटर बाजूच्या चांदीच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच ठोकळ्याचे 10 नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सर्वांचा पृष्ठभाग 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होतो! धातू तेवढाच, काम करणारी जागा मात्र कोट्यवधी चौरस मिलिमीटर. या पृष्ठभागावरून सुटणारे चांदीचे आयन जंतूंचे आवरण व प्रथिने निकामी करतात.

आपल्या राज्यातील उदाहरण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे आहे. तेथील डॉ. किशोर पाकणीकर व सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचे जखमेवर लावायचे जेल तयार केले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, प्रचलित सिल्व्हर सल्फाडायझीन मलमाच्या तुलनेत चांदी तीसपट कमी असूनही जंतुनाशक परिणाम त्याच तोडीचा मिळाला. अमिनो आम्लांचे जाळे ही त्यापुढची वाट. ती अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

या जेलचा दुसरा उपयोग उत्प्रेरक म्हणून होतो. काही कीटकनाशकांच्या विघटनातून नायट्रोफेनॉल हे विषारी द्रव्य तयार होते. सोडियम बोरोहायड्राइड सोबत असले तरी ते एरवी बदलत नाही. धातूचे कण टाकताच काही मिनिटांत द्रावणाचा पिवळा रंग उडतो. कण जाळ्यात अडकलेले असल्याने ते बाहेर काढून पुन्हा वापरता येतात. आमच्या मते हाच मोठा लाभ आहे, कारण सुटी चांदी नदीत गेली तर ती उपकारक जिवाणूंनाही सोडणार नाही.

चांदी गुणकारी म्हणून कोणी घरी भस्म, वर्ख जखमेवर लावू नये. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये, आणि स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठावा.