अद्भुताचा उत्तरभाग

"पहिल्यासारखा नाहीं!" चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या तोंडून हें वाक्य जितक्या वेळां ऐकूं येतें, तितकें दुसरें क्वचितच येत असेल. ज्या चित्रपटांत आकाशांत उडणारा, मुखवटा धारण करून लोकांचें रक्षण करणारा नायक असतो, आणि जो पूर्वीं गाजलेल्या कथेचा पुढील भाग असतो, त्याच्या बाबतींत तर हा निकाल जणूं ठरलेलाच. अशा नायकास हल्लीं सर्वत्र सुपरहिरो म्हणतात. हा निकाल कितपत न्याय्य असतो, आणि आपल्या घरांतील मुलांनीं तो द्यावयास शिकावें कीं काय, ह्याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. सिनेमाचें नांव काढतांच नाक मुरडणाऱ्या वडील मंडळींनींही हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंति आहे. कारण ह्या प्रकरणांत आम्ही साक्षात् भवभूतीची साक्ष काढणार आहों.

इ. स. १९१३ च्या मे महिन्यांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१३ सालीं, मुंबईच्या चित्रपटसृष्टींतून अद्भुताचे दोन उत्तरभाग निघाले. जूनमध्यें महेश कोठारे यांचा मराठी 'झपाटलेला २' आला, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर, १ नोव्हेंबर रोजीं, राकेश रोशन यांचा हिंदी 'क्रिश ३'.

ज्यांनीं हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठीं पूर्वकथा थोडक्यांत सांगतों. २००३ सालच्या 'कोई... मिल गया' ह्या चित्रपटांत रोहित नांवाचा मंदबुद्धि तरुण परग्रहावरून आलेल्या जादू नामक प्राण्याच्या कृपेनें बुद्धिमान् व बलवान् होतो. २००६ सालच्या 'क्रिश'मध्यें त्याचा मुलगा कृष्ण बापाची ती शक्ति जन्मतःच घेऊन येतो. आजी त्याला डोंगरांतल्या घरीं लोकांच्या दृष्टीआड वाढविते. पुढें सिंगापुरास एका सर्कशीला आग लागली असतां आंतील मुलांना वांचविण्यासाठीं तो काळा मुखवटा चढवितो, आणि तेथून क्रिश जन्मास येतो. 'क्रिश ३'मध्यें काल नांवाचा खलनायक रोगाची साथ पसरवितो, मनुष्य व पशु यांच्या मिश्रणानें 'मानवर' निर्माण करितो. नायक त्याच्या हातून पडतो, आणि वृद्ध रोहित सूर्यतेजाच्या साहाय्यानें मुलास पुन्हां उठवून स्वतः प्राणास मुकतो. 'क्रिश २' नांवाचा चित्रपट निघालाच नाहीं, हें पाहून अनेकांनीं मालिका मोजण्याच्या ह्या नव्या गणिताची थट्टा केली. आतां २०२५ सालीं चौथ्या भागाचीही घोषणा झाली आहे, म्हणजे तेंच वाक्य पुन्हां ऐकण्याची तयारी आपण ठेविली पाहिजे.

'क्रिश ३' आला तेव्हां आम्ही शाळेंत शिकवीत होतों. दिवाळीची सुटी संपतांच वर्गांत दुसरा विषयच नव्हता. शेवटीं आम्हीं आठवीच्या मुलांना त्या चित्रपटावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. बहुतेकांनीं उड्डाणें, कोसळणाऱ्या इमारती व मानवर यांचें वर्णन केलें. इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्या चारदोन हुशार मुलांनीं अमुक प्रसंग परदेशी चित्रपटांवरून उचलला आहे अशी यादी दिली. हा आक्षेप वर्तमानपत्रांतील टीकाकारांनींही घेतला होता. परंतु मागल्या बांकावर बसणाऱ्या एका मुलानें इतकेंच लिहिलें होतें कीं, बाप मेला तेथें मला फार वाईट वाटलें, बाकी सर्व पूर्वीं पाहिलेलेंच होतें. त्याची भाषा अशुद्ध होती, पण त्याला दहांपैकीं नऊ गुण द्यावे असें आम्हांला वाटलें, व आम्हीं ते दिले. कारण ज्या प्रश्नाभोवतीं मोठमोठे टीकाकार घिरट्या घालीत होते, त्याच्या नेमक्या मर्मावर ह्या मुलानें बोट ठेविलें होतें.

नाट्यशास्त्रांत भरतानें आठ रस सांगितले आहेत, त्यांत अद्भुताचा स्थायी भाव विस्मय हा आहे. आतां विस्मयाचा स्वभावच असा कीं, तो परिचयानें कमी होतो. पहिल्यांदा आगगाडी पाहणारें पोर तोंड उघडें टाकून उभें राहतें; दहाव्या वेळीं तेंच पोर डब्यांत जागा शोधतें. करुणाचें व वात्सल्याचें तसें नाहीं. आईला मूल रोज दिसतें म्हणून तिची माया आटत नाहीं. ह्यावरून पाहतां, पहिला भाग अद्भुताच्या जोरावर तरून जाऊं शकतो, दुसऱ्याला दुसरा कोणता तरी रस आधारास घ्यावाच लागतो. ज्या उत्तरभागाचा कर्ता हें न ओळखतां पूर्वीं एक इमारत पडली म्हणून आतां दहा पाडतो, त्याच्यावर प्रेक्षक रुष्ट झाला तर त्यांत प्रेक्षकाचा दोष नाहीं.

'झपाटलेला २'ची गोष्टही हेंच सांगते. १९९३ सालच्या पहिल्या चित्रपटांत तात्या विंचू ह्या गुंडाचा आत्मा एका बाहुल्यांत शिरतो, आणि तो बाहुला भोळ्या लक्ष्याच्या पाठीस लागतो. वीस वर्षांनीं बाहुला परत आला, तोही त्रिमितीच्या नव्या तंत्रानें, डोळ्यांवर चष्मा लावून पाहावयाचा. परंतु लक्ष्याचें काम करणारे लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालींच निवर्तले होते. नव्या कथेचा नायक लक्ष्याचा मुलगा आहे. मुलांना चष्म्याचें नवल वाटलें. त्यांच्या आईबापांना मात्र पडद्यावर कोण आहे ह्यापेक्षां कोण नाहीं हेंच अधिक जाणवलें. "बाहुला तोच, पण लक्ष्या कोठें आहे?" असें आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं उद्गार काढले. ते स्वतः पंचवीस वर्षांचे असतांना पहिला चित्रपट पाहून पोट धरून हंसले होते. उत्तरभाग पाहण्यास प्रेक्षक जातो तेव्हां पुष्कळदां तो आपलेंच गेलेलें वय शोधावयास जात असतो, आणि तें कोणताही दिग्दर्शक त्याला परत देऊं शकत नाहीं. "पहिल्यासारखा नाहीं" ह्या निकालांतील हा अंश वजा करूनच बाकीचा हिशेब मांडला पाहिजे.

आतां मूळ पुरुषाकडे वळूं. फाळक्यांच्या 'लंकादहन' (१९१७) व 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) ह्या चित्रपटांच्या वेळीं पडद्यावर प्रभूची मूर्ति दिसतांच स्त्रीपुरुष प्रेक्षक साष्टांग नमस्कार घालीत, अशा आठवणी नमूद आहेत. विस्मयाची ही पराकाष्ठा होय. ह्यानंतर दुसरा कृष्णपट काढणें म्हणजे मोठेंच साहस! फाळक्यांनीं तें १९१९ सालीं 'कालियामर्दन' काढून केलें. दोन्ही चित्रपटांत बाळकृष्णाचें काम त्यांची कन्या मंदाकिनी हिनेंच केलें आहे. कालियामर्दनाचा बराच भाग आजही जतन झालेला आहे, आणि तो पाहतां दोन गोष्टी विशेष लक्षांत येतात.

पहिली ही कीं, नागाशीं युद्धाचा अद्भुत प्रसंग अगदीं शेवटीं येतो. तत्पूर्वीं लोण्याची चोरी, सवंगड्यांचा दंगा, निजलेल्या जोडप्याची दाढी व केस एकमेकांस बांधून ठेवण्याचा व्रात्यपणा, असा सारा खोडकर बालपणाचा संसार आहे. म्हणजे वात्सल्य व हास्य यांची भूमि चांगली भिजवून मग तींत अद्भुताचें बीं पेरिलें आहे. यमुनेच्या डोहांत उडी पडते, तेव्हां आपल्याला देवाच्या पराक्रमाचें कौतुक वाटण्यापूर्वीं लेंकराची काळजी वाटूं लागते.

दुसरी गोष्ट ह्याहून नवलाची आहे. चित्रपटाच्या आरंभींच फाळक्यांनीं आपली सात वर्षांची मुलगी नुसती मुलगी म्हणून दाखविली आहे. तिच्या चेहऱ्यावर निरनिराळे भाव उमटतात, आणि मग पाहतां पाहतां तिचा कृष्ण होतो. ज्या प्रेक्षकांनीं आदल्याच वर्षीं पडद्यापुढें लोटांगण घातलें, त्यांना हा कर्ता प्रथमच सांगून टाकतो कीं, ही एक पोर आहे, आणि आतां ती सोंग घेणार आहे. आमच्या मतें ह्यानें रसभंग होत नाहीं. उलट, पाहणारा अधिक मोकळ्या मनानें पाहतो.

आणि आतां भवभूति. विदर्भांतील पद्मपूरच्या ह्या कवीनें रामकथेवर 'महावीरचरित' रचलें, आणि मग त्याचा उत्तरभाग म्हणून 'उत्तररामचरित'. पहिल्यांत राक्षसवध, दिव्यास्त्रें, राज्याभिषेक, म्हणजे पराक्रमाचा सर्व मसाला आहे. तथापि पंडितांनीं श्रेष्ठ मानिलें तें दुसरें. ह्या नाटकाच्या पहिल्या अंकांत लक्ष्मण राम व सीता यांना त्यांच्याच पूर्वचरित्राचीं चित्रें दाखवितो. आजच्या मालिकांत आरंभीं मागील कथेचा गोषवारा दाखवितात, तीच ही युक्ति. मात्र येथें ती चित्रें पाहतां पाहतां पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात. त्याच प्रसंगीं जृंभकास्त्रांचें चित्र येतें, आणि हीं अस्त्रें तुझ्या संततीस प्राप्त होतील असें राम सीतेस सांगतो. पांचव्या अंकांत बारा वर्षांचा लव तींच अस्त्रें वापरून सैन्य निश्चेष्ट करितो. बापाची अलौकिक शक्ति मुलाकडे जाणें ही 'क्रिश'ची मूळ कल्पना आपल्याकडे अशी फार जुनी आहे. पण भवभूतीच्या लवापाशीं अस्त्र आहे आणि बाप नाहीं. ती उणीव प्रेक्षकाच्या मनास टोचत राहते, आणि सारें नाटक तीवरच उभें आहे.

सातव्या अंकांत तर वाल्मीकीनें रचलेलें नाटक गंगातीरीं खुद्द रामापुढें होतें. सीतात्यागानंतरची कथा समोर पाहून राम इतका व्याकुळ होतो कीं, शेजारीं बसलेल्या लक्ष्मणाला, हें नाटक आहे अशी त्याला आठवण करून द्यावी लागते. प्रेक्षकाच्या वृत्तीचें ह्याहून सूक्ष्म चित्र आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं.

हें लांबलचक संस्कृतपुराण आम्हीं उगीच लाविलें नाहीं. शेजारच्या आळींत कांहीं वर्षांपूर्वीं एक सात-आठ वर्षांचा मुलगा, गळ्याभोवतीं आईचा पंचा बांधून, पडवीच्या कौलांवरून अंगणांत उडाला. खालीं भाताच्या पेंढ्याचा ढीग होता म्हणून मनगटावरच निभावलें. पेंढ्याच्या पलीकडे चिरेबंदी विहीर होती. दूरदर्शनवर १९९७ पासून 'शक्तिमान' मालिका चालू असतांना अशाच अपघातांच्या वार्ता वर्तमानपत्रांत येत, आणि मुकेश खन्ना यांना स्वतः पडद्यावरून मुलांना असें न करण्याविषयीं बजवावें लागलें. थोर रामाला जर नाटक तें नाटक असें सांगण्यास भाऊ लागला, तर सात वर्षांच्या मुलास कोणी नको काय?

असे प्रसंग घडले कीं कित्येक घरांत एकच उपाय सुचतो, तो म्हणजे बंदी. परंतु लक्ष्मणानें रामाला प्रेक्षागृहांतून उठवून नेलें नाहीं, किंवा त्याच्या अश्रूंची चेष्टाही केली नाहीं. तो शेजारीं बसून राहिला. आमच्या कोंकणांत मुलांचें हें शिक्षण पूर्वीं आपोआप होत असे. शिमग्यांत काळ्या झग्यांतील, लांब दाढीचा संकासुर पाहून लहान मूल किंचाळून आजीच्या पदराआड दडे, आणि दुसरे दिवशीं तोच संकासुर भाऊचा गडी म्हणून गोठ्यांत शेण काढतांना त्याला दिसे. दशावतारांत तोच संकासुर दरवर्षीं येतो, दरवर्षीं विष्णूच्या हातून मरतो. तरीही मालवण-कुडाळकडील मंडळी पहांटेपर्यंत बसतात. पुढें काय होणार हें पोराबाळांस ठाऊक असतें. यंदा तो बोलतो कसा, हें ऐकण्यास सारे जमतात. पाठ केलेली संहिता नसतांना नट जें उत्स्फूर्त बोलतो, त्यावर वाहवा किंवा नापसंति तेथल्या तेथें मिळते. अद्भुत ओसरल्यावर काय उरतें, ह्याची परीक्षा करण्याची संवय ह्या प्रेक्षकांच्या अंगीं अशी मुरलेली आहे.

आतां संकासुराचा मुखवटा उतरलेला मुलांस दिसत नाहीं. जत्रेंत क्रिशचा मुखवटा मात्र विकत मिळतो. म्हणून आमची वाचकांस, विशेषतः वाचक-भगिनींस, एवढीच सूचना आहे कीं, अशा चित्रपटास मुलांना एकटें धाडूं नये. शेजारीं बसावें. घरीं परत येतांना, "मजा आली कां?" एवढ्यावर न थांबतां, तो उडाला कसा असेल, दोरी कोठें बांधली असेल, तुला सर्वांत वाईट कशाचें वाटलें, आणि पहिल्या भागांतलें काय ह्यांत नव्हतें, असे प्रश्न विचारावे. पहिल्या दोन प्रश्नांनीं कौलावरची उडी टळेल. पुढच्या दोहोंनीं मूल रसिक होईल. त्यानें "पहिल्यासारखा नाहीं" म्हटलें तर, "काय नाहीं?" असें लगेच विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा. उत्तर अशुद्ध भाषेंत आलें तरी हरकत नाहीं.