खुडूक कोंबडी: हट्ट नव्हे, आजारही नव्हे

वणी तालुक्यातल्या राजूरचं नाव घेतलं की कोळशाची खाण आठवते. पण गावठी कोंबडी इथल्या अंगणातही असते, आणि ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की घरोघरचे सल्ले सुरू होतात. तिला ताप भरलाय, हगवण लागलीय, पाण्यात बुडवा, नाकात पीस घाला.

ताप नसतो. मेंदूतल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढतं, अंडाशय आकसतं, अंडी थांबतात. पोटाची पिसं गळून उघडी पडलेली कातडी अंड्यांना थेट ऊब देते. हगवणही नसते. खुराड्यात घाण नको म्हणून ती विष्ठा साठवते आणि दिवसातून एकदा-दोनदा उठते तेव्हा एकदम मोठा, उग्र वासाचा ढीग टाकते. नाकात पीस घालणं हा निव्वळ छळ आहे. पिल्लं नकोच असतील तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल असं, दाणापाण्यासह काही दिवस ठेवावं. ऊबदार कोपरा मिळाला नाही की खुडूकपणा ओसरतो.

पिल्लं हवी असतील तर खरी अडचण उन्हाची. “मे महिन्यात कोंबडी नीट उबवत नाही,” असं म्हणतात. दोष तिचा नसतो. अंडं थंड असेपर्यंत गर्भ थांबून राहतो. म्हणून आठवडाभर साठवलेली अंडी एकदम मांडली तरी २१ दिवसांनी बरोबरच फुटतात. पण साधारण पंचवीस अंशांच्या पुढे गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि कोमेजतो. विदर्भात पारा चव्वेचाळीसवर गेलेला असताना फळीवर ठेवलेली अंडी कोंबडीखाली जाण्याआधीच वाया गेलेली असतात. ओल्या वाळूच्या मडक्यात, सावलीत ठेवावीत. विजेच्या कडकडाटापासून अंडी वाचवायला टोपलीत लोखंड ठेवतात. त्याने ना फायदा, ना तोटा.

दुसऱ्या कोंबड्या खुडूक कोंबडीखाली अंडी घालतात, तो काही दुष्टपणा नाही. अंडी दिसतात तिथेच अंडी घालायला त्यांना आवडतं. मांडलेल्या अंड्यांवर कोळशाची खूण करावी, बाकीची रोज उचलावीत. राजुरात कोळसा शोधावा लागत नाही.

कोंबडा कळपाचा राजा आणि कोंबड्या त्याची प्रजा, हेही अर्धंच चित्र. नॉर्वेच्या थोर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं की कोंबड्यांची आपसातली उतरंड असते: कोण कोणाला टोचणार हे ठरलेलं. एकदा ठरलं की भांडणं कमी होतात. तीन आठवडे कळपाबाहेर बसलेली खुडूक परतली की तिची जागा पुन्हा तपासली जाते, म्हणून टोचाटोची. पिल्लं सोबत असली की मात्र ती वरचढ कोंबडीच्याही अंगावर जाते. तिला जाळीपलीकडे, पण कळपाच्या नजरेसमोर बसवलं तर परतणं सोपं जातं.

आणि आरवणारी कोंबडी. अपशकुन म्हणून ती कापली जाते. कोंबडीचं डावंच अंडाशय काम करतं. ते बिघडलं की नराची संप्रेरकं वाढून ती आरवू शकते. कोंबडा नसलेल्या कळपात वरच्या क्रमांकाची धडधाकट कोंबडीही कधी आरवते. पहिली कोंबडी अंडी देणार नाही, एवढंच. दुसरी मात्र उद्याही देईल.