रंधा मशीनचा गार्ड : निवड आणि जुळवणी

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज माजलगाव परिसरातील वखारींत आणि फर्निचरच्या दुकानांत काम करीत आहेत. काहींनी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून घेतले. बहुतेकांनी ते मालकाच्या हाताखाली उभे राहून उचलले. गावगाड्यात सुतारकी ही बलुतेदाराची वंशपरंपरागत विद्या होती. बापाकडून मुलाकडे हत्यार जाई, तसा हत्याराचा धाकही जाई. आमची मुले मात्र या धंद्यात आली ती थेट यंत्रापाशी. म्हणून स्मरणिकेत सहसा न आढळणारा हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

हातरंध्याचे पाते ठोकळ्याच्या पोटात असते आणि दोन्ही हात ठोकळ्यावर असतात. रंधा मशीनमध्ये हे सारे उलटे होते. रंधा जणू उताणा पडलेला असतो, लाकूड त्यावरून सरकते आणि लाकूड दाबणारा हात पात्याच्या दिशेने जातो. दोन टेबलांमधल्या फटीत फिरणाऱ्या ब्लॉकला तीन पाती असतील आणि तो मिनिटाला 4,500 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 225 काप पडतात. बोट मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. पूर्वी हा ब्लॉक चौकोनी असे. त्याच्या कडेच्या पोकळीत हात ओढला जाऊन पंजाच जाई. इंग्लंडने 1922 च्या नियमांनी हाताने लाकूड सरकवण्याच्या यंत्रावर गोल ब्लॉक सक्तीचा केला. जुने यंत्र विकत घेताना प्रथम हेच पाहावे.

गार्ड मुख्यतः दोन तऱ्हांचे. पहिला झुलता. लाकूड आले की तो बाजूला होतो आणि लाकूड पुढे गेले की स्प्रिंगच्या ओढीने परत पात्यावर येतो. यंत्र बंद असताना तो हाताने ढकलून सोडावा. तो झटकन परतला नाही, तर भुसा साचला आहे किंवा स्प्रिंग सैल झाली आहे असे समजावे. मात्र लाकडाचे शेवटचे टोक पात्यावरून सरताना क्षणभर पाते उघडे राहतेच. दुसरा गार्ड पुलासारखा पात्यावर आडवा असतो आणि वर-खाली व आत-बाहेर सरकतो. फळीची रुंद बाजू काढताना तो फळीच्या वर 10 मिलिमीटरपेक्षा अधिक उंच नसावा. फळी पुलाखालून जाते आणि हात पुलावरून. कड काढताना तो टेबलापर्यंत खाली आणून त्याचे टोक फळीपासून 10 मिलिमीटरच्या आत आणावे. आम्हांला हा दुसरा अधिक भरवशाचा वाटतो. पण प्रत्येक कामाला तो नव्याने जुळवावा लागतो, आणि नेमका तेवढाच वेळ दिला जात नाही.

गार्ड काढून ठेवलेली यंत्रे आपल्याकडे सर्रास दिसतात. कारागीर बेफिकीर असतो म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण आम्हांला पटत नाही. चुकीच्या उंचीवरचा गार्ड लाकूड अडवितो आणि नगावर मजुरी मिळणारा माणूस अडथळा दूर करतो. जुळवणी शिकवली, तर गार्ड जागेवर राहील. आणखी एक जागा नेहमी विसरली जाते : लाकूड टेकवायची उभी पट्टी पुढे ओढली की तिच्या मागचे पाते उघडे पडते. तेथेही आवरण हवे.

एक फुटापेक्षा आखूड तुकडा या यंत्रावर घेऊच नये. पातळ फळीला हाताने न दाबता मुठीचा लाकडी ठोकळा वापरावा. हातमोजे घालू नयेत. ते पात्यात ओढले जातात. बाभळीच्या गाठीपाशी काप अगदी हलका ठेवावा, नाहीतर लाकूड उसळते आणि हात खाली येतो.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 ने धोकादायक भागांना आवरण सक्तीचे केले. परंतु विजेवर चालणाऱ्या जागेसाठी त्यात मुळात 10 कामगारांची अट होती, त्यामुळे तीन माणसांचे दुकान बाहेरच राहिले. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची शक्ती 30 टक्के गेली असे धरले होते, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के. अंगठा गेलेला सुतार रंधा कसा धरील, हे त्या तक्त्यात नव्हते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमसदस्य असताना 1946 साली कारखान्यांतील आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आले. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत पलंग आणि कपाटे उरकणाऱ्या मुलाला त्या सहा तासांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. थकलेल्या हातापुढे कोणताही गार्ड अपुराच.

जुन्या यंत्राबरोबर गार्ड आलाच नसेल, तर फॅब्रिकेशनच्या दुकानातून तो करून घेता येतो. पट्टी ब्लॉकच्या व्यासाइतकी रुंद, दाबली तरी न वाकणारी आणि लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची असावी, म्हणजे चुकून पात्याला लागली तरी पाते फुटून उडत नाही. तिची उंची हाताने फिरवायच्या चाकीने बदलता आली पाहिजे; पान्हा शोधावा लागला, तर दुसऱ्या दिवशी ती पट्टी भिंतीला टेकलेली दिसेल.