कापसाची वाहतूक व मालमोटारचालकांची विश्रांती

दिवाळीच्या सुमारास सेलूच्या बाजारात कापसाची आवक वाढू लागली की जिनिंग कारखान्यांपुढे वाहनांच्या रांगा लागतात. अशा वेळी वाहनमालक चालकाकडून खेपेमागून खेप करवून घेतात. रात्र रांगेत जागून काढलेला चालक पहाटे पुन्हा गाडी हाकतो. अपघाताचे खरे भय येथेच आहे.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असा दंडक घातला होता. तो आजही प्रमाण मानावा. रांगेतील जागरण मात्र विश्रांतीत धरू नये. केवळ खेपेवर मजुरी दिली तर चालक घाई करणारच. यास्तव खोळंब्याचा भत्ता निराळा ठरवावा. गाडी पुढे सरकविण्यास परवाना असलेला दुसरा माणूस ठेवल्यास चालकास झोप मिळते. शेतकरी बंधूंनी भाडे ठरवितानाच हे बोलून घ्यावे.

गाडीजवळ कोणासही विडी ओढू देऊ नये. रात्री ताडपत्री अवश्य घालावी. दवाने कापसातील ओलावा 12 टक्क्यांवर गेल्यास भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने माल घेत नाही, आणि रात्रभर रांगेत उभी राहिलेली गाडी भरलेलीच परत न्यावी लागते.